दोन मात्रा कमी

“आम्ही कुणाचे चाकर नव्हतो,” सासूबाई म्हणाल्या आणि हातातली पालकाची जुडी त्यांनी जमिनीवर पसरलेल्या इंग्रजी पेपरावर आपटली.

“आजी, मी नाही म्हणत, डिक्शनरी म्हणते,” अंजली म्हणाली. “शब्दाचं मीनिंगच तसं आहे, लाह.”

“मग तुझ्या डिक्शनरीला सांग. तुमचं इथलं ते ‘लाह’ शेवटाला लावून सांग.”

सिंगापूरच्या सेंगकांग भागातल्या आमच्या फ्लॅटमधलं स्वयंपाकघर दोन माणसांचं आहे. त्या रविवारी सकाळी आम्ही चौघं त्यात होतो. सासूबाई खाली बसलेल्या, तेरा वर्षांची अंजली ओट्यावर चढलेली, मी कुकरपाशी, आणि माझा नवरा नागसेन चहाचा कप घेऊन दारात उभा, म्हणजे त्याच्या मते मदत करत.

प्रकरण असं होतं. अंजलीच्या शाळेत पुढच्या शनिवारी शब्दांचा कार्यक्रम होता. प्रत्येक मुलाला चिठ्ठीवर एक जुना इंग्रजी शब्द मिळाला होता. त्याचा अर्थ शोधायचा, तो कुठून आला ते तक्त्यावर मांडायचं, आणि त्या शब्दाशी नातं सांगणारं काहीतरी जिवंत आणून दाखवायचं. अंजलीच्या चिठ्ठीवर ‘मिन्स्ट्रेल’ आलं. मध्ययुगात गावोगाव फिरून गाणारे-वाजवणारे लोक. पोरीनं वर्गातच हात वर करून सांगून टाकलं की माझे आजोबा-आजी तेच होते. तिच्या वर्गशिक्षिका मिसेस लिम इतक्या खूश झाल्या, की त्यांनी सासूबाईंना स्टेजवर पाच मिनिटं देऊन टाकली.

इथवर सगळे आनंदात होते. मग अंजलीनं अर्थ लिहून आणलेलं कार्ड वाचून दाखवलं.

“हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. मूळ अर्थ, घरातला नोकर. सरदाराकडे राहायचं, त्याची स्तुती गायची. आणि आजी, मिनिस्टर हा शब्दपण त्याच रूटचा आहे.”

“म्हंजे मंत्रीबी चाकरच?”

“हो.”

“मंत्र्याला कळवलंय का कुणी?”

नागसेन हसला. सासूबाई हसल्या नाहीत.

“आणि त्याच्याही मागे जायचं तर अर्थ आहे ‘कमी’,” अंजली म्हणाली. “मालकापेक्षा जो कमी, तो.”

तेव्हा ती जुडी आपटली गेली.

“माझा बाप सुगीला पाटलाच्या दारात तुणतुणं घेऊन उभा राहायचा,” सासूबाई म्हणाल्या. “ओट्याच्या खाली. पाटलाच्या सात पिढ्यांची नावं घेऊन गायचा. गाणं झालं की पाटलीण लांबनं त्याच्या उपरण्यात भाकरी टाकायची. ते चाकर. ते तुझं मिनिस्टर का काय ते. आम्ही जलसेवाले. आम्ही चावडीपुढं गायलो, पाटलाच्या तोंडावर गायलो, अन् त्याचं नाव घेतलं नाय. जलशात नावं तीनच. पहिलं बुद्धाचं, दुसरं बाबासाहेबांचं, तिसरं ज्यानं गाणं रचलं त्याचं, शेवटच्या कडव्यात. चौथं नाव नाय. लिही हे.”

अंजली लिहू लागली. नागसेन आत जाऊन आबांची वही घेऊन आला. आबा म्हणजे माझे सासरे, शाहीर बाबूराव. मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर आणि शनिवार-रविवार जलशाचे म्होरके. तीन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांच्या मागे नागसेननं घरातून आणल्या त्या दोनच वस्तू, ढोलकी आणि ही वही. वहीत एक्केचाळीस गाणी आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटच्या कडव्यात ‘बाबूराव सांगे’ आहे. नागसेन शिपयार्डात जहाजांची इंजिनं खोलतो, वर्षात चार वाक्यं भावनेनं बोलतो, आणि त्यातली तीन या वहीबद्दल असतात.

तो लेकीला झील समजावू लागला. शाहीर ओळ म्हणतो, मागे उभे असलेले तिचा शेवट उचलून परत देतात. ती झील. नावाची ओळ मात्र पुरीच्या पुरी परत द्यायची. आणि झील आली नाही तर शाहीर पुढे जात नाही, तीच ओळ पुन्हा म्हणतो.

“किती वेळा?”

“येईपर्यंत,” नागसेन म्हणाला. “आबांवर मात्र तशी वेळ कधी आली नाही.”

“ओके. पण एक प्रॉब्लेम आहे,” अंजलीनं कार्ड उलटं केलं. “मिन्स्ट्रेल म्हणजे दुसऱ्याची गाणी गाणारा. जो स्वतः गाणी रचतो, त्याला वेगळा शब्द आहे. ट्रूबडूर. म्हणजे, ज्याला गाणं सापडतं तो. पुस्तकात असंच दिलंय. मग आबा मिन्स्ट्रेल नाहीत, ट्रूबडूर आहेत. आजी, तू मिन्स्ट्रेल. तू मागे होतीस, राइट?”

“अगदी बरोबर,” नागसेन म्हणाला.

सासूबाईंनी हातातली पालकाची काडी पेपरावर ठेवली. मग गुडघ्यावर हात टेकून त्या उठल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. माझ्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. सासूबाईंनी भाजी अर्धी निवडून सोडल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमचं दोघींचं काही गोडीगुलाबीचं नातं नव्हतं, हे आधीच सांगते. लग्नानंतरची पहिली वर्षं तर विळ्याभोपळ्याचीच गेली. मी पुण्याची, नोकरी करणारी, कणीक मळताना फोनवर बोलणारी. त्या मनमाडच्या सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं आया होत्या. शिस्त त्यांच्या अंगात मुरलेली. आबा गेल्यावर त्या सिंगापूरला आल्या आणि पहिल्याच आठवड्यात घरातल्या सगळ्या गाद्यांवरच्या चादरी त्यांनी अशा ताणून खोचल्या, की झोपणाऱ्याला आपण दाखल झालो आहोत असं वाटावं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, इथल्या भाषेत व्हॉइड डेकवर, त्यांच्या दोन मैत्रिणी झाल्या, एक चिनी, एक मलय. तिघी आपापल्या भाषेत गुडघ्यांबद्दल बोलतात आणि तिघींना सगळं कळतं. मला मात्र पंधरा वर्षांत या बाईबद्दल काय कळलं होतं, ते दुसऱ्या दिवशी समजलं. काहीही नाही.

सोमवारी संध्याकाळी मी तांजोंग पगारच्या ऑफिसातून घरी आले. नागसेन यायचा होता, अंजली ट्यूशनला. सासूबाई जेवणाच्या टेबलाशी वही पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. पगाराच्या रजिस्टरवर सही करण्यापुरतं स्वतःचं नाव तेवढं त्या शिकल्या होत्या.

“बादलीचं गाणं काढ,” त्या म्हणाल्या. “वाच.”

पर्ससुद्धा खाली न ठेवता मी वाचलं.

*एकाच बादलीचं पाणी वीस खाटांना,*
*सांगा कोण वरचा-खालचा ओल्या पाठांना.*

*तापात फणफणे पाटील, हात माझा धरी,*
*काल याच हाताला होती बंदी विहिरीवरी.*

“चांगलं आहे,” मी म्हणाले. आणि मग मी, जी दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचा पगार घेते, तिच्या डोक्यात पंधरा वर्षांनी प्रकाश पडला. “आई, वीस खाटा म्हणजे वॉर्ड. आबांना वॉर्डातलं हे कसं माहीत?”

“त्यांनी वॉर्ड कधी बघितला? रक्त बघितलं की घेरी यायची त्यांना. नागसेनच्या वेळी मला भेटायला आले अन् दारातच आडवे झाले. आधी त्यांना खाट दिली, मग मला.”

मी खुर्ची ओढून बसले.

“गाणं माझं हाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवलेले होते. “पाटील तापानं फणफणत आला होता. बाकीच्या आया जेवायला गेलेल्या. दिवसाढवळ्या, अख्ख्या वॉर्डाच्या देखत माझा हात सोडेना. म्या त्याची पाठ पुसत होते अन् ही ओळ आली. घरी येऊन भाकरी थापता थापता म्हणून दाखवली. ह्यांनी लिहून घेतली. असंच चालायचं. म्या म्हणायचं, ह्यांनी लिहायचं.”

“किती गाणी, आई?”

“नऊ त्यांची. रेल्वेची, संपाची, दारूची. ती त्यांचीच, अन् झकास हायेत. बाकी माझी.”

एक्केचाळीसातून नऊ गेले की बत्तीस. मी वही चाळू लागले. दळण, डोहाळे, सुईणीची कात्री, शाळेच्या पायरीवर ठेवलेली चप्पल. ही गाणी पुरुषाची आहेत असं आम्ही सगळ्यांनी इतकी वर्षं कसं मानलं, ते आमचं आम्हालाच माहीत.

“तुम्ही कधी म्हणाला नाहीत त्यांना?”

“म्हटलं की. येवल्याजवळ एका गावात पहिल्यांदा बादलीचं गाणं होतं. म्हटलं, शेवटच्या कडव्यात माझं नाव घाला. तर म्हणाले, कमळा, तुझं नाव चालीत बसत नाय. ‘बाबूराव सांगे’ म्हणून बघ, ‘कमळा सांगे’ म्हणून बघ. दोन मात्रा कमी पडतात.” त्यांनी टेबलावर बोटानं ठेका धरून दोन्ही म्हणून दाखवलं. ‘राव’मधला तोकडा ‘व’ सोडला तरी खरंच दोन कमी पडत होत्या. “अन् दुसरं म्हणाले, बाईचं नाव आलं की लोक तमाशा म्हणतील, शिट्ट्या मारतील, बाबासाहेबांच्या नावाला बट्टा लागंल. तवा तसं होतंच गं. म्या गप बसले. एकोणीस वर्षं मागं उभं राहून त्यांच्या नावाची झील दिली.”

“आबा असे वाटत नव्हते हो.”

“असे नव्हतेच. पगार माझ्या हातात आणून द्यायचे. हात उगारला नाय कधी. वाईट माणूस असता तर भांडायला सोपं गेलं असतं.” त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. “काल पोरगी म्हणाली, तू दुसऱ्याची गाणी गाणारी. मालकापेक्षा कमी. पाटलाचं नाव आम्ही घेतलं नाय, त्याचा तोरा मिरवला सगळीकडं. अन् घरात काय केलं म्या? मला शनिवारी बादलीचं गाणं म्हणायचंय गं भावना. शेवटच्या कडव्यात माझं नाव घालून. पुढचं मला काय ठाऊक नाय.”

मला रडू आलं आणि रागही आला. कुणाचा ते नीट ठरेना, तेव्हा मी उठून चहा टाकला.

नागसेन जेवायला बसला तेव्हा त्यांनी स्वतःच सांगितलं. आडपडदा न ठेवता, वाढता वाढता. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. लहानपणी तो जलशात स्टेजच्या कडेला घोंगडीवर झोपायचा. आबांचा आवाज कानात घेऊनच मोठा झाला. आपला मजूर बाप शाहीर होता, लेखणीचा धनी होता, हाच या मुलाचा जन्मभराचा ताठ कणा होता.

“आई, तू मदत केली असशील,” तो म्हणाला. “सुचवलं असशील काही.”

“सुचवलं नाय. रचलं.”

“मग आबा असताना का नाही बोललीस? आता ते उत्तर द्यायला नाहीत, आणि आता त्यांचं नाव पुसायचं?”

“त्यांच्या नऊ गाण्यांत त्यांचं नाव सोन्यासारखं राहू दे. म्या माझ्याबद्दल बोलतेय.”

“लोक काय म्हणतील?”

“कोणते लोक? शनिवारी तिथं मराठी माणूस तरी हाय का दुसरा?”

“तेच तर म्हणतोय!” नागसेननं घास ताटात ठेवला. “सगळे चिनी, मलय, तमिळ. बाबूराव काय आणि कमळा काय, एक अक्षर कुणाला कळणार नाही. मग एवढा हट्ट कशाला?”

“तुला कळंल ना,” सासूबाई म्हणाल्या.

नागसेननं ताट पुढे सरकवलं. उत्तर नसलं की माणूस अट घालतो. वहीत आहे तसं म्हणणार असशील तर ढोलकी वाजवीन, झील देईन, नाहीतर येणार नाही, असं तो म्हणाला.

“नको येऊ. म्या बादली वाजवीन.”

आणि खरंच, मंगळवारी अंजली शाळेतून आली तेव्हा बाथरूममधली प्लास्टिकची निळी बादली पालथी घालून आजी ठेका बसवत होती. शेजारच्या मिसेस गोह दारात येऊन विचारून गेल्या, नळ बिघडलाय का. मी सांगितलं, नळ नाही, जुनी अडचण आहे, दुरुस्ती चालू आहे.

मधल्या दिवसांत घरातल्या चादरी आणखीच ताणल्या गेल्या. अंजलीनं तक्ता तयार केला. वर ‘मिन्स्ट्रेल’, खाली ‘ट्रूबडूर’, आणि ‘ट्रूबडूर’पुढे रिकामी रेघ. “मी काय लिहू?” तिनं बापाला विचारलं, आजीला विचारलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही आपापल्या कामाला लागले. नागसेनला मी एकदाच बोलले. म्हटलं, तुझ्या वडिलांनी पाटलापुढे मान वाकवली नाही म्हणून तुला अभिमान आहे ना? तुझी आई आज कुणापुढे ताठ उभी राहतेय ते बघ. तो म्हणाला, “तुला नाही कळणार.” मी म्हणाले, बरं. बायकोनं ‘बरं’ म्हटलं की काय समजायचं ते नवऱ्यांना कळतं.

शनिवारी सकाळी सासूबाई निळ्या काठाची पांढरी साडी नेसल्या. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे हात जोडले, बादली उचलली आणि दारात उभ्या राहिल्या. नागसेन खोलीतून बाहेर आला. खांद्यावर ढोलकी होती.

“बादली ठेव, आई. शोभत नाही.”

“नाव?”

“चल, उशीर होतोय,” तो म्हणाला. नावाचं काहीच ठरलं नाही. बादली मात्र सासूबाईंनी ठेवली नाही. एल.आर.टी. रेल्वेच्या छोट्या डब्यात आम्ही चौघं, एक ढोलकी, एक तक्ता आणि एक बादली असे उभे होतो.

शाळेचा हॉल भरला होता. आमच्या आधी अंजलीच्या मैत्रिणीचा, हिदायाचा नंबर होता. तिच्या चिठ्ठीवर ‘कोरस’ हा शब्द आला होता, म्हणून तिनं आपल्या आजोबांनाच आणलं होतं. आजोबांमागे त्यांचे साथीदार, काळ्या टोप्या घातलेले आठ म्हातारे, स्टेजवर मांडी घालून बसले. आजोबा एक ओळ गायचे आणि आठही जण टाळ्या देत, अंग डोलवत ती परत द्यायचे. सासूबाई पुढे वाकून ऐकत होत्या.

“यांच्यातबी झील हाय,” त्या नागसेनला ऐकू जाईल अशा बेतानं मला म्हणाल्या. “बघ कशी वेळेवर येती.”

मग आमचा नंबर आला. अंजली तक्ता घेऊन माइकपाशी गेली. तिनं शब्दाचा अर्थ सांगितला, फ्रेंच सांगितलं, लॅटिन सांगितलं. मग कार्ड खाली केलं. “या शब्दाचा अर्थ चाकर असा आहे,” ती इंग्रजीत म्हणाली. “माझी आजी म्हणते, ती कुणाची चाकर नव्हती. आणि ही रेघ रिकामी आहे, कारण आमच्या घरात त्यावरून भांडण चालू आहे.” हॉल हसला. मिसेस लिमसुद्धा हसल्या. पोरगी खरं तेच सांगत होती.

सासूबाई मधोमध उभ्या राहिल्या. जलशात त्या कधी मधोमध उभ्या राहिल्या नव्हत्या. नागसेन त्यांच्या मागे, डाव्या हाताला ढोलकी घेऊन बसला, म्हणजे बरोबर त्या जागी, जिथे एकोणीस वर्षं त्या स्वतः असायच्या. त्याच्या ते लक्षात आलं की नाही, कुणास ठाऊक. बादली त्यांनी पायाशी ठेवली होती.

त्यांचा आवाज मी घरात गुणगुणताना ऐकला होता. हा आवाज ऐकला नव्हता. जाडाभरडा, उघडा, माइक नसता तरी शेवटच्या रांगेपर्यंत गेला असता असा. ‘एकाच बादलीचं पाणी वीस खाटांना’. नागसेननं झील दिली, ‘वीस खाटांना’. ढोलकी चढू लागली. काळ्या टोप्यांचे म्हातारे पहिल्या रांगेत बसले होते, त्यांनी दुसऱ्या कडव्यापासून टाळ्या धरल्या. पाटलाचं कडवं झालं. ‘बंदी विहिरीवरी’ म्हणताना सासूबाईंनी उजवा हात वर केला, पंजा उघडा, आणि तसाच ठेवला.

मग शेवटचं कडवं.

*भीमानं वाणी दिली मुक्या ओठांना,*
*कमळाऽऽ सांगे आता साऱ्या वाटांना.*

दोन मात्रा कमी पडत होत्या ना? त्यांनी ‘ळा’ लांबवला. त्या दोन मात्रा पुऱ्या भरेपर्यंत नाव हवेत धरून ठेवलं, मग सोडलं. इतकं सोपं होतं ते. पंचेचाळीस वर्षांपूर्वी चुलीपुढेही इतकंच सोपं असणार.

“बाबूराव सांगे आता...” नागसेनच्या तोंडून झील गेली आणि अर्ध्यात अडकली. हे त्यानं मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. जिभेला तीच वाट माहीत होती.

सासूबाईंनी मागे वळून बघितलं नाही. झील आली नाही, म्हणून त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. जलशाचा नेम होता तो. ‘कमळाऽऽ सांगे आता साऱ्या वाटांना.’

या वेळी नागसेन गप्पच राहिला. ढोलकी चालू होती, डोळे ढोलकीवर होते. हॉलला वाटलं गाण्यातच असं असेल, लोक हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते. फक्त मला आणि अंजलीला ठाऊक होतं, की ही बाई झील आल्याशिवाय या स्टेजवरून उतरणार नाही, पाच मिनिटं होवोत की पाच तास. मिसेस लिम घड्याळाकडे बघू लागल्या. माझ्या हातातली पर्स मी आवळून धरली होती. मनात म्हणत होते, दे रे, दे, आई आहे तुझी.

सासूबाईंनी पायानं बादली पुढे ओढली, खाली वाकल्या आणि डाव्या हातानं तिच्यावर एक थाप मारली. तिसऱ्यांदा ओळ उचलली. आवाज आता मघापेक्षा मोठा होता.

“कमळाऽऽ सांगे आता साऱ्या वाटांना!”

ढोलकी थांबली. हॉलमध्ये कुणी खोकलं तेही ऐकू आलं. नागसेननं मान वर केली. त्याला आईची पाठ दिसत होती, पांढरी साडी, वाकलेला खांदा, आणि उघडा पंजा अजून हवेत.

“कमळाऽऽ,” त्यानं म्हटलं. दोन्ही मात्रा पुऱ्या भरल्या, एकही खाल्ली नाही. “कमळाऽऽ सांगे आता साऱ्या वाटांना.”

त्याचा आवाज फाटला होता, पण झील पुरी होती. सासूबाईंनी हात खाली घेतला, पदर सारखा केला, “जय भीम” म्हणाल्या, आणि टाळ्या पडायच्या आत बादली उचलून चालू लागल्या.

खाली उतरल्यावर अंजलीनं मार्कर पुढे केला. सासूबाईंनी तो मुठीत धरला आणि तक्त्यावरच्या रिकाम्या रेघेवर, पगाराच्या रजिस्टरवर करत तशी, जपून, थांबत थांबत सही केली. त्यांना लिहिता येणारा तो एकच शब्द. कुणीतरी विचारलं, ही कोणती भाषा? अंजलीनं सांगितलं, मराठी. आणि पुढे म्हणाली, “बाईनं गाणं रचलं तर फ्रान्समध्ये त्याला वेगळा शब्द होता म्हणे. तो मला नंतर सापडला. पण आता जागा नाही.”

परतीच्या गाडीत जागा मिळाली. नागसेन आईशेजारी बसला, ढोलकी मांडीवर. दोन स्टेशनं गेली. खिडकीबाहेर आमच्यासारख्याच घरांच्या उंच रांगा होत्या, दांड्यांवर कपडे वाळत होते.

“आई,” शेवटी तो म्हणाला, “वहीत काय करू? खोडू?”

“खोडू नको. अक्षर त्यांचं हाय. बाजूला माझं लिही.”

त्यानं मान हलवली. मग चाचरत म्हणाला, “चुकलो मी मघाशी. उशीर झाला झीलला.”

“झाला खरा,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ढोलकी त्याच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि बादली त्याच्या हातात दिली. “एकोणीस वर्षं दिली म्या झील. तुझ्या आबाला एकदाबी ओळ परत म्हणायला लावली नाय.”